नावं ठेवलेला ट्रॅक्टर

ट्रॅक्टरमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे मी त्या दिवशी सरळ सांगून टाकलं असतं, तर आज आमच्या क्वार्टरच्या दारातून सायकल नीट बाहेर काढता आली असती. आता ती आधी आडवी करावी लागते, मग उचलावी लागते आणि मग शेजारच्या पंचशीलाबाईंच्या अंगणातून न्यावी लागते. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्या काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलाकडं बहुतेक असंच बघत असाव्यात.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. जिल्हा नवा, ऑफिस नवं, फक्त खुर्च्या उस्मानाबादेहून आलेल्या. त्यातली एक तीन पायांची मला मिळाली होती. मी टंचाई शाखेत कारकून. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरींचे तळ दिसू लागलेले, आणि कुठल्या गावाला पाण्याचा टँकर जाणार हे आमच्या शाखेत ठरायचं. म्हणजे मी नाही ठरवायचो. ठरवायचे साहेब, सही करायचे साहेब. सही जिथं करायची तिथं पेन्सिलनं फुली मारायचं काम माझ्याकडं होतं. पण सासुरवाडीला हे एवढं बारीक कोण सांगत बसणार? तिथं सगळ्यांची समजूत अशी की, चंद्रप्पानं फुंकर मारली की टँकर सुटतो.

अधिक श्रावण लागला होता. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या शब्दाला नाही म्हणायचं नाही. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना मी फार जपून वापरतो. तर त्याचं आवतण द्यायला माझे सासरे सिद्रामप्पा शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या त्यांच्या गावाहून आले. चहा पिता पिता म्हणाले,

"जावईबापू, तुमच्या हापिसात ट्रॅक्टर-बिक्टर, टँकर-बिंकर समदं असतंय. त्यातलं कळत आसंल की तुम्हाला?"

लग्नाला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत 'तुम्हाला कळत असंल' असं मला कुणीच म्हणालं नव्हतं. दारात शिवकांता, म्हणजे आमची अर्धांगिनी, उभी होती. मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "हाव. थोडंफार."

(थोडंफार हा शब्द मी विनयानं वापरला, असा मामांचा समज झाला.)

"स्टोव्हला पिन मारता येत न्हाई, आन् ट्रॅक्टर बघायला निघाले," शिवकांता आत जाता जाता म्हणाली. तिचं हे रोजचंच. माझ्या चालण्याला, घोरण्याला, भाजी आणण्याला, सगळ्याला ती सकाळपासून नावं ठेवते. मी मनावर घेत नाही.

भानगड अशी होती. गावातल्या शेषेरावांच्या अंगणात एक जुनाट ट्रॅक्टर कैक वर्षं उभा होता. त्यांच्या वडिलांनी हौसेनं हैदराबादेहून आणलेला, परदेशी, आणि आता पूर्ण बंद. तो ते विकायला काढत होते. मामांच्या डोक्यात हिशेब असा की, दुष्काळात बैलांना वैरण कुठून आणायची? ट्रॅक्टर कडबा खात नाही. तो जर दुरुस्त होण्यासारखा असेल तर घ्यायचा, आणि त्यासाठी बैलजोडी उदगीरच्या बाजारात विकायची. दुरुस्त होण्यासारखा आहे की नाही, हे जावईबापू बघून सांगणार.

मी घाबरून आमच्या टँकरवरच्या भीमा ड्रायव्हरला गाठलं. "बंद ट्रॅक्टरची पारख कशी करायची रे?"

"सोपं हाय साहेब," भीमा म्हणाला. "म्होरून हँडल मारून बघा, इंजिन फिरतंय का. तेलाची पट्टी काढून बघा. रेडिएटरात पाणी टाका, गळलं तर दिसंल. आन् चेहरा असा ठिवा की समदं म्हाईत हाय." शेवटचं सोडून बाकी सगळं मी पाठ केलं. शेवटचं मला येतच होतं. सरकारी नोकरी आहे.

गावी पोचलो. पाटावर बसवून ओवाळणं झालं, धोंडे झाले, तुपाची धार झाली. हात धुवायला मागं गेलो तर सासूबाई शांतम्मा गोठ्याच्या खांबाला टेकून उभ्या. समोर बैलजोडी. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था, तरी अंगावरून हात फिरवून फिरवून चकचकीत ठेवलेली.

"बापू," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या दुस्काळात बाजारात कोन शेतकरी बैलं घेनार हाय? खाटकाच्याच हाताला लागायची. वासरं व्हती तवापासून माज्या हातानं चारलीत. मी सांगून मालक ऐकत न्हाईत. पर धोंड्याचा म्हैना हाय, तुमचा शब्द मोडनार न्हाईत. तेवढं ट्रॅक्टर खराब हाय म्हना."

असं म्हणून त्यांनी पदर डोळ्याला लावला. मलाही भरून आलं. डावा बैल माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या नजरेत माझ्याबद्दल विश्वास होता. असा विश्वास माझ्यावर फार कमी जणांनी टाकलाय. मी म्हणालो, "मामी, काळजी सोडा. मी आहे ना!"

आणि मी खरंच निश्चिंत झालो. एखादी वस्तू चांगली आहे हे सांगायला त्यातलं कळावं लागतं. खराब आहे म्हणायला काय लागतं? आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? आलेल्या प्रत्येक अर्जात त्रुटी काढून तो परत पाठवणं हीच माझी नोकरी.

आम्ही शेषेरावांच्या अंगणात गेलो तेव्हा निम्मं गाव आधीच जमलं होतं. (दुष्काळात कामं नव्हती, करमणूकही नव्हती.) लिंबाखाली तो ट्रॅक्टर उभा होता. नावाची पाटी पडलेली, रंग कुठला होता ते सांगायला कुणी हयात नाही, आणि सीटवर एक कोंबडी बसलेली. शेषेराव हात जोडून पुढं आले. त्यांच्या कारभारीण सरजाबाई दारात उभ्या होत्या.

मी चेहरा केला. मग हँडल लावलं आणि जोर केला. हँडल हललं नाही. सगळं अंग टाकून लोंबकळलो. हँडल जागेवर राहिलं आणि मी त्याच्याभोवती फिरून पलीकडं जाऊन बसलो. धोतर-पटक्यातलं गाव खो खो हसलं. मी माती झटकून जाहीर केलं, "इंजिन जाम आहे!"

"असंल," शेषेराव पडेल आवाजात म्हणाले. "मग जावईबापू, निम्म्या किमतीत घ्या."

मला पहिला धक्का बसला. मी मामांकडं पाहिलं. त्यांनी डोळे अर्धवट मिटले होते, समाधानानं.

मी टायरला लाथ घातली. बूट आत गेला आणि आतच राहिला. "टायर कुजलेत!" मी एका पायावर ओरडलो. शेषेरावांनी किंमत आणखी उतरवली. गिअरचा दांडा हलवून बघितला तर तो मुळासकट हातात आला. तो मी गावाला उंच करून दाखवला. किंमत पुन्हा घसरली. बोनेट उघडलं तर आत चिमण्यांनी संसार थाटलेला. मी म्हणालो, "हे यंत्र नव्हे, हे भंगार आहे. फुकट दिलं तरी कुणी नेऊ नये!"

मामा लगबगीनं आले, माझा दंड धरला आणि मला लिंबाच्या मागं घेऊन गेले.

"वा बापू, वा!" त्यांनी माझी पाठ थोपटली. "मी तुम्हाला कारकून समजत व्हतो. तुम्ही तर अस्सल बाजारातले निघालात!"

"मामा, मी खरंच सांगतोय. खराब आहे."

"आस्संच! आस्संच खरं वाटलं पायजे."

"अहो, पण..."

"मला शिकवून राहिलात का? अर्धं आयुष्य बैलबाजारात गेलं माझं. जो वा वा म्हणतो तो कधी घेत न्हाई, नुसती शेपटी कुरवाळून जातो. नावं ठेवतो तोच घेनारा. तुमच्या लग्नाच्या टायमाला मी काय केलं व्हतं, इसरलात?"

विसरेन कसा? त्या दुपारी सिद्रामप्पांनी आमच्या ओसरीवर बसून माझी उंची काढली, रंग काढला, कान काढले. 'कारकून म्हंजे काय, मेलं तरी कारकूनच' म्हणाले. माझी आई आत जाऊन रडली. आणि दिवेलागणीला त्यांनी सुपारी फोडली. उलट त्याच्या आधी निलंग्याहून एक जण आले होते. 'काय मुलगा आहे! राजबिंडा! हिरा!' असं म्हणत त्यांनी ताटभर लाडू खाल्ले आणि गेले. त्यांचं अजून उत्तर आलेलं नाही.

म्हणजे मी जेवढं खराब म्हणत होतो, तेवढा ट्रॅक्टर मामांच्या मनात भरत होता, आणि तेवढा स्वस्त होत होता! उदगीरचा बाजार परवावर आला होता. डावा बैल माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आता बोलून भागणार नव्हतं, असा काहीतरी पुरावा पाहिजे होता की मामांनी स्वतः हात झटकावेत. मला भीमाचं पाणी आठवलं. रेडिएटर फुटका निघाला तर सगळ्यांच्या समोर धारा लागतील.

"सरजाबाई, एक घागर पाणी द्या," मी म्हणालो.

"प्यायला?"

"ट्रॅक्टरला."

सरजाबाईंचा चेहरा बघून कोंबडीसुद्धा सीटवरून उठून बोनेटवर गेली. गावात टँकर एक दिवसाआड यायचा आणि त्याच्या पाण्यासाठी बायका अर्धा दिवस रांगेत उभ्या असायच्या. पण धोंड्याचा महिना! गावाचा जावई पाणी मागतोय, नाही कसं म्हणणार? बाईंनी घागर आणून आपटली.

मी पाणी ओतलं. वाकून खाली बघितलं. एक थेंब गळला नाही. रेडिएटरमध्ये बघितलं, तिथंही पाणी दिसेना. दुसरी घागर मागितली. तीही गेली. तिसरी गेली. ना बाहेर येतंय, ना आत साचतंय. शेषेराव स्वतःच्याच ट्रॅक्टरकडं भीतीनं बघू लागले. चौथी घागर देताना सरजाबाईंचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. तो जप नव्हता.

मग मला तेलाची पट्टी आठवली. ती ओढली, आणि तिच्या मागोमाग त्या भोकातून पांढुरकं, चहाच्या रंगाचं काहीतरी भळभळा वर आलं आणि माझ्या पांढऱ्या पँटीवर सांडलं. (पँट खास धोंड्याच्या महिन्यासाठी शिवली होती.)

"बघा!" मी आनंदानं किंचाळलो. "पाणी इंजिनात शिरलंय! तेलात मिसळलंय! आतून फुटलंय! मेलंय, मेलंय!"

आतापर्यंत मान डोलावणारे मामा एकदम गार पडले. ट्रॅक्टरजवळ आले. रिकाम्या घागरींकडं पाहिलं, ट्रॅक्टरकडं पाहिलं.

"समदं प्यालं?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"उभ्या उभ्या?"

"हाव."

"आन् काम काय केलं?"

"काहीच नाही."

मामा मटकन खाली बसले. "आरं, माझी जोडी दिवसभर राबून एवढं पीत न्हाई! हे बसून एवढं पितंय तर चालायला लागल्यावर गावाला काय ठिवंल? वैरण न्हाई म्हनून मी हे पानी पिनारं मढं घरात आननार व्हतो व्हय? नको रे बाबा. बैलंच बरी. छपराचा पाला काढून घालीन, पर बैलं इकत न्हाई."

गर्दीतून सासूबाईंचा हुंदका ऐकू आला. त्यांनी माझ्याकडं बघून लांबूनच हात जोडले. मला स्वतःचा इतका अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता. मी पँट झटकली, बूट टायरमधून काढला आणि निघालो.

तेवढ्यात सरजाबाई अंगणात उतरल्या. रिकामी घागर त्यांच्या कमरेवर होती आणि आवाज वेशीपर्यंत जात होता.

"घरातलं समदं पानी सपलं! आता परवापतुर मी काय लेकरांना ह्याचं तेल पाजू? लगीन होऊन आले तवापासून म्हनून ऱ्हायले, हे धूड काढा, हे धूड काढा! भंगारवाला नेईना, चोर नेईना! आज हे दारातून हाललं न्हाई तर मी माहेराला जाते, नायगावला!"

शेषेराव गडबडून पुढं झाले. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

"जावईबापू," ते गहिवरून म्हणाले, "शिवकांता गावची लेक. गावची म्हंजे माझी. धोंड्याच्या म्हैन्यात जावई दारी आला आन् मी त्याला रिकाम्या हातानं पाठवू? हा ट्रॅक्टर माझ्याकडून तुम्हाला वाण!"

मी दोन पावलं मागं सरकलो. "नको, नको! अहो, खराब आहे तो! जाम आहे! फुटलाय! कुजलाय!"

"बघा, बघा," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "अजून नावं ठिवून ऱ्हायलेत. मनात लईच भरलाय."

मी विजेच्या वेगानं विचार केला आणि उलटा फिरलो. "शेषेराव, इतकी चांगली वस्तू कुणी देतं का? वडिलांची आठवण! काय बांधणी, काय लोखंड! तुमच्याच दारात शोभते ती!"

शेषेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आवडली!" ते गावाकडं वळून म्हणाले. "जावयाला वस्तू आवडली!"

पुढचं कसं झालं ते मला धड आठवत नाही. कुणीतरी बोनेटवर नारळ फोडला. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला, माझ्या आणि ट्रॅक्टरच्या कपाळाला विभूती लावली. मी मामांच्या हातापाया पडलो, "मामा, निदान इथं तुमच्या दारात राहू द्या."

मामांनी कानाला हात लावले. "लेकीचं वाण बापानं ठिवून घ्यायचं? पाप लागंल बापू."

शिवकांता गर्दीत कपाळाला हात लावून उभी होती. मी मदतीसाठी तिच्याकडं पाहिलं. ती पुढं येऊन एवढंच म्हणाली, "मी यस्टीनं जाते. वाटंत दिसले तर वळख दाखवू नका."

सकाळी गावात पाणी टाकून पुढं गेलेला भीमाचा टँकर आता रिकामा लातूरला निघाला होता. त्याच्या मागं साखळी बांधली. मला त्या सीटवर बसवलं, कारण स्टिअरिंग कुणीतरी धरायला हवं होतं. स्टिअरिंग तीन वेळा गोल फिरवल्यावर चाकाला खबर लागायची, आणि ब्रेक नावाचा पदार्थ गाडीत नव्हता. बोनेटवर कोंबडी होती, ती शेवटपर्यंत उतरली नाही. अशी आमची वरात लातुरात शिरली. गंजगोलाईला भीमा वळला, मी मात्र वेळेत वळलो नाही, त्यामुळं गोलाईला आणखी एक पूर्ण फेरी मारावी लागली. दुकानातून लोक बाहेर आले. कुणीतरी विचारलं, "कुठल्या पक्षाचे?" माझे साहेब नेमके पानाच्या ठेल्यावर होते. टंचाई शाखेचा टँकर, त्यामागं टंचाई शाखेचा कारकून, गळ्यात हार, कपाळाला विभूती. त्यांनी पान न चावताच गिळलं.

तेव्हापासून ट्रॅक्टर दारात आहे. कोंबडी रोज सीटवर अंडं देते. आम्ही लिंगायत, आम्हाला त्याचा उपयोग नाही. ते पंचशीलाबाईंकडं जातं. या सगळ्या व्यवहारात फायदा झाला तो बैलांचा, सरजाबाईंचा आणि पंचशीलाबाईंचा. मामा दर पत्रात लिहितात की, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही.

विकायचा प्रयत्न मी केला. भंगारवाले येतात. मी चहा ठेवायला सांगतो आणि श्वास रोखून उभा राहतो. एकानं तरी नाक मुरडावं, एकानं तरी टायरला लाथ मारून शिवी द्यावी, की मी ट्रॅक्टर त्याच्या गळ्यात घातलाच म्हणून समजा. पण प्रत्येक जण एक फेरी मारतो, बोनेटवर प्रेमानं थाप मारतो आणि म्हणतो, "वा साहेब! काय चीज हाय! असला माल आता बगायला भेटत न्हाई!" मग चहा पितो आणि जातो.

याची मला सवय झाली होती. खरा धक्का परवा बसला. ऑफिसातून आलो, सायकल उचलून पंचशीलाबाईंच्या अंगणातून आणत होतो, तर दोघी बोलत बसलेल्या. बाईंनी सहज विचारलं असावं. शिवकांता म्हणत होती,

"आमचे हे ना? लई गुनाचे हायत हो. सादे, सरळ. कशाला म्हनून नाव ठिवायला जागा न्हाई."

माझ्या हातातली सायकल खाली पडली. मग लक्षात आलं, ट्रॅक्टर आल्यापासून ही मला नावं ठेवणारा एक शब्दही बोललेली नाही. भाजी किडकी आणली, गप्प. रात्री घोरलो, गप्प. आठ वर्षं सकाळ-संध्याकाळ नावं ठेवणारी बायको! मला मामांचा बैलबाजार आठवला. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो, स्टोव्ह घेतला, पिन मारायच्या निमित्तानं ती आत मोडली, रॉकेल जमिनीवर सांडलं, आणि भांडी पाडून तिला ऐकू जाईल एवढा आवाज केला. मग तोंड पाडून उभा राहिलो.

शिवकांता आली. तिनं स्टोव्हकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, अगदी त्या भंगारवाल्यांसारखं प्रेमानं.

"असू द्या," ती म्हणाली. "चांगला परयत्न केलात."